शिवाय जहाज बांधतो

माझ्या लग्नाच्या वेळी जो घोळ झाला त्याचं मूळ माझ्या आत्याच्या एका शब्दात होतं. तो शब्द म्हणजे 'बांधतो'. मराठीत आपण सगळंच बांधतो. घर बांधतो, पूल बांधतो, शेंगदाण्याची पुडी बांधतो, मुंडावळ्या बांधतो. त्यामुळे स्थळ घेऊन आलेल्या गृहस्थांनी आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडात बसून "मुलगा काय करतो?" असं विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "मुंबईला नोकरी आहे, कायमची. शिवाय जहाज बांधतो." आणि चहा ठेवायला आत गेली. त्या गृहस्थांनी पुढे एखादा प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं. पण त्यांना गाडी गाठायची घाई होती आणि चहा त्याहून जास्त हवा होता.

जहाज मी बांधत होतो हे खरंच होतं. फक्त ते कागदाचं होतं.

आमच्या ऑफिसातला शेवटचा गोरा साहेब स्वातंत्र्यानंतर चारपाच वर्षं रेंगाळला आणि अखेर विलायतेला निघाला. जाताना त्याने आपलं कपाट रिकामं करून सगळं सामान टेबलावर मांडलं आणि ज्याला जे हवं ते न्या म्हणाला. हेडक्लार्कने त्याची हॅट नेली, टायपिस्टने किटली नेली, शिपायाने आरसा नेला. मी उशिरा पोचलो म्हणून माझ्या वाट्याला एक मोठं जाड पाकीट आलं. आत छापील पुठ्ठ्याचे ताव होते, प्रत्येक तावावर जहाजाचे तुकडे होते, तुकड्यांवर आकडे होते आणि सोबत इंग्रजीत सूचना होत्या. तुकडे कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे, की तीन डोलकाठ्यांचं, शिडांचं, तोफा असलेलं जुनं लढाऊ जहाज तयार. खऱ्या जहाजाची मापं धरून लहान केलेली हुबेहूब नक्कल, असं पाकिटावर म्हटलं होतं. मला वाटलं, गंमत आहे, चार रविवारांत होईल.

चार रविवार मला सूचना समजायलाच गेले. मी मॅट्रिकला इंग्रजीत बऱ्यापैकी मार्क मिळवलेला माणूस, पण ते इंग्रजी जमिनीवरचं होतं. उदाहरणार्थ, अर्ध्या तुकड्यांवर 'पोर्ट' असं छापलेलं होतं. पोर्ट म्हणजे बंदर हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी ते सगळे तुकडे बंदराचे समजून वेगळ्या डब्यात ठेवले. जहाजाला फक्त उजवी बाजू झाली आणि डावीकडे आरपार हवा खेळू लागली, तेव्हा कुठे डिक्शनरी उघडली. पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, असं तिच्यात तिसऱ्या अर्थाला दिलं होतं. डिक्शनरीवाल्यांना आधी सांगायला काय झालं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

माझे आईवडील लवकर गेले आणि मला आत्याने वाढवलं. त्यामुळे माझ्या जहाजाशी भांडण्याचा पहिला हक्क तिचा होता, आणि तो तिने पुरेपूर बजावला. डोलकाठ्यांच्या आत घालायला मी तिच्या खराट्याच्या काड्या उपटत असे. जहाजाच्या पोटाचा पुठ्ठा गोल वळवायला तिचं लाटणं घेत असे. पण खरं युद्ध खळीवरून होतं. चिकटवायला खळ लागे, खळीला कणीक लागे, आणि कणीक रेशनच्या गव्हाची. "माणसांना पोळी पुरत नाही आणि हा कागदाला कणीक भरवतोय," असं ती शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने म्हणे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करी. घरात एकच टेबल होतं, ते खिडकीपाशी होतं, आणि त्यावर जहाज होतं. आम्ही दोघं जमिनीवर जेवत असू.

बाहेरच्यांपुढे मात्र आत्याला ते जहाज मिरवावंसं वाटे. मला गाता येत नव्हतं, पोहता येत नव्हतं, रूप बेताचं होतं. मुलाबद्दल नोकरीखेरीज आणखी काहीतरी सांगायचं, तर जहाजाशिवाय तिच्यापाशी काहीच नव्हतं. म्हणून ते 'शिवाय'.

तर अशा रीतीने आम्ही दोघं मुलगी बघायला ठाण्याला गेलो. तलावपाळीजवळ त्यांचं घर होतं. मुलीचे वडील कोर्टात शिरस्तेदार होते. बोलणं थोडं आणि प्रत्येक गोष्ट उलटसुलट तपासून घेणारं. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येत असे, आणि मला नेमकं त्या बाजूला बसवलं होतं. त्यांच्या उजव्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मुलीचे काका होते. ते मोठे उत्साही गृहस्थ होते.

"जहाज बांधता असं कळलं," शिरस्तेदार म्हणाले.

मला भरून आलं. एकाही वडीलधाऱ्या माणसाने आजवर आपण होऊन हा विषय काढला नव्हता. "हो," मी म्हणालो.

"किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं होतील आता."

"कामावर माणसं किती?"

ही थट्टा असावी असं समजून मी हसलो. "मी एकटाच. ऑफिसातून आल्यावर करतो, आणि रविवारी."

शिरस्तेदारांनी भावाकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी एकदम आदर दिसू लागला. "एकट्याने?" ते म्हणाले. "मेहनतीचं काम हो."

"बोटं दुखतात जरा," मी कबूल केलं.

"वाफेचं की शिडाचं?" शिरस्तेदारांनी विचारलं.

"शिडाचं. जुन्या पद्धतीचं. तोफासुद्धा आहेत."

"तोफांना परवानगी लागत असेल."

"परवानगी कसली? साहेबानेच दिल्यात."

यावर त्यांनी पुन्हा भावाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "बांधता कुठे?"

"खिडकीपाशी," मी म्हणालो. "उजेड चांगला असतो."

"बरोबर आहे. दुसरीकडे कुठे बांधणार," ते म्हणाले, आणि मला माणूस मोठा समंजस वाटला. त्यांनी 'खाडीपाशी' असं ऐकलं होतं हे मला फार उशिरा कळलं. डोंबिवलीला खाडी आहे, खाडीत होड्या येतात, तेव्हा त्यांचंही चुकलं असं म्हणता येणार नाही.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. त्या काळी मुलीची परीक्षा घ्यायचे त्याप्रमाणे आत्याने तिला वाचून दाखवायला सांगितलं, चालायला सांगितलं, आणि शेवटी पिशवीतून सुईदोरा काढून म्हणाली, "हे ओवून दाखव, बाळ." मला या प्रकाराची लाज वाटत होती म्हणून मी खाली बघत होतो. वर पाहिलं तेव्हा सुई ओवून झालेली होती. दोऱ्याला थुंकी नाही, उजेडाकडे धरणं नाही, काही नाही. माझ्या जहाजाच्या डोलकाठ्यांना काळ्या दोऱ्याच्या दोऱ्या ओवायच्या राहिल्या होत्या, आणि केसाएवढ्या भोकांतून तो दोरा घालताना मी महिनाभर रडकुंडीला आलो होतो. लोक मुलीचे डोळे बघतात, रंग बघतात. मी तिची बोटं बघितली आणि मला तिथल्या तिथे ती पसंत पडली.

मग काकांनी, आपण किती सुधारलेले आहोत हे दाखवण्यासाठी, तिला म्हटलं, "तुला काही विचारायचं असेल तर विचार हो."

अशा वेळी मुलीने मान हलवून नाही म्हणायचं असतं. ही मात्र माझ्या हातांकडे बघत होती. सकाळी घाईत धुतलेल्या माझ्या नखांत वाळलेली खळ तशीच होती. ती म्हणाली, "खळीत मोरचूद घालता का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग झुरळं खातील."

एवढंच म्हणून ती आत गेली. मोरचूद म्हणजे ती निळी, विषारी पूड. खळीत चिमूटभर घातली की झुरळं तिला तोंड लावत नाहीत. गणपतीचं कागदी मखर ती दर वर्षी घरी करते, असं काकांनी लगेच सांगितलं. शिरस्तेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "लाकडाला लावत असतील काहीतरी." मी मान हलवली. मला वाटलं, ते मखराच्या लाकडी चौकटीबद्दल बोलतायत.

घरी परत येताना मी आत्याला म्हटलं, "हीच." आत्या म्हणाली, "रंग जरा सावळा आहे." मी म्हटलं, "हीच." पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

चारपाच दिवसांनी ते मध्यस्थ गृहस्थ निरोप घेऊन आले. शिरस्तेदारांना मुलगा पसंत होता, घरही पसंत होतं, अडलं होतं फक्त जहाजावर. येत्या रविवारी ते भावाला घेऊन डोंबिवलीला येणार, जहाज स्वतः बघणार आणि मग काय ते सांगणार.

आता कुठल्याही शहाण्या माणसाला इथे शंका यायला हवी होती. मला आली नाही. दोन वर्षं ज्या वस्तूवर माणूस जीव टाकतो, तिच्यावर कुणी आपलं लग्न ठरवायचं म्हटलं तर त्याला ते योग्यच वाटतं. मला भीती वाटत होती ती निराळीच. माझी मधली डोलकाठी किंचित मागे कलली होती. तपासून बघणारा माणूस, त्याच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं. आणि त्या मुलीशिवाय आता मला दुसऱ्या कुठल्या मुलीचा विचारही करवत नव्हता. ऑफिसात बेरजा करताना मध्येच ती सुई दिसे आणि बेरीज पुन्हा करावी लागे.

त्यात बुधवारी सकाळी उठून बघतो तर मोठं शीड जमिनीवर पडलेलं. कडेची खळ झुरळांनी चाटून साफ केली होती. आत्या म्हणाली, "पोरीने सांगितलं होतं." मी तसाच स्टेशनजवळच्या बुकबाइंडरकडे गेलो, मोरचुदाची पुडी आणली आणि शिडं पुन्हा चिकटवली. दोऱ्या ओवल्या, त्यांना मेण चोळलं, डोलकाठीला आतून पाचर मारून सरळ केलं. शनिवारी संध्याकाळी जहाज पुरं झालं. आत्याने दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याजवळ उभं राहून नीट पाहिलं आणि म्हणाली, "माणसं नाहीत का रे याच्यावर?" पाकिटात माणसं नव्हती. तिला ते बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळपासून आम्ही वाट बघत होतो. आत्याने भज्यांचं पीठ भिजवलं, ते वाट बघून पातळ झालं, त्यात तिने आणखी पीठ घातलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दारात दोघं उभे राहिले. शिरस्तेदारांच्या धोतराचा रंग गुडघ्यापर्यंत काळा झाला होता आणि त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. काकांच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात जास्वंदीचा हार होता. हाराची फुलं पार कोमेजली होती.

झालं होतं असं, की स्टेशनवर उतरून ते आमच्याकडे न येता परस्पर खाडीवर गेले होते. पाहणी करायची तर आगाऊ वर्दी न देता करावी, ही कोर्टातली सवय. नव्या जहाजाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून काकांनी नारळ आणि हार घेतला. मग दोघांनी तासन् तास चिखल तुडवून माझं जहाज शोधलं. शेवटी त्यांनी रेती काढणाऱ्या एका माणसाला विचारलं, की इथे एक मुलगा एकट्याने शिडाचं जहाज बांधतोय ते कुठे आहे. तो म्हणाला, "हय कंचा जाज, दादा? हय त रेतीच्या होऱ्या हान." काकांनी तोफांची खूण सांगितली. त्या माणसाने दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तोफा बघायच्या असतील तर कल्याणला किल्ल्यावर जा, असा सल्ला दिला. यातच कुठेतरी एक चप्पल चिखलात गेली.

आत्याने पायांवर पाणी घातलं. शिरस्तेदार घोटे चोळत म्हणाले, "जहाज कुठे आहे?"

"हे काय, खिडकीपाशी," मी म्हणालो.

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. "कुठे?"

"खिडकीपाशी."

"खिडकी," ते म्हणाले. मग खिडकीकडे वळले.

मला अजून वाटत होतं की ते खूश होतील. जहाज सुंदर झालं होतं, हे मी आज म्हाताऱ्या तोंडाने निर्लज्जपणे सांगतो. उन्हात शिडं पिवळसर दिसत होती आणि तोफांच्या झडपा अगदी नखाएवढ्या, एकेक उघडलेली. काकांनी जहाजाकडे बघितलं, हातातल्या हाराकडे बघितलं. तो हार जहाजाला घातला असता तर अख्खं जहाज त्यात बुडालं असतं.

"दादा," काका म्हणाले, "हे तर..."

"थांब."

काका इतके ओशाळले की काय करावं ते न सुचून त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. आपल्याकडे एखाद्याला नारळ दिला म्हणजे काय झालं, हे कुणाला सांगायला नको. मी नारळ धरून उभा राहिलो. मग मला राग आला. "मी खरं जहाज बांधतो असं म्हणालो होतो का कधी?" मी म्हटलं.

"मीसुद्धा नाही म्हणाले," आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "कागदाचं नाही, असं मी कुठे म्हणाले?"

शिरस्तेदारांनी आम्हा दोघांकडे लक्ष दिलं नाही. "हे कागदाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"संपूर्ण?"

"डोलकाठ्यांत खराट्याच्या काड्या आहेत," मी सांगितलं. सगळं गेलंच होतं, तर निदान खोटं तरी कशाला बोला.

"काड्या राहू देत. जहाज कागदाचं."

"हो."

ते मटकन खाली बसले. आत्याने पाणी दिलं, ते त्यांनी सावकाश प्यायलं. काका हार कुठे ठेवावा ते शोधत होते.

"आम्ही आज नकार द्यायला आलो होतो," शिरस्तेदार म्हणाले. "मुलगी ऐकत नाही म्हणून आधी डोळ्यांनी बघायचं ठरवलं. तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून ती सांगतेय, जहाज कागदाचं आहे म्हणून. मी म्हटलं, खाडीवर कागदाचं जहाज कोण बांधेल, वेडे. ती म्हणाली, जाऊन बघा. खरं असलं तर माझा नकार सांगून या. कागदाचं असलं तर होकार सांगा. जहाज खरंच असणार याची मला खात्री, म्हणून नकार घेऊनच निघालो."

आत्याने विचारलं, "असं का म्हणाली हो?"

"मीही विचारलं. म्हणाली, खऱ्या जहाजाचं चार लोक कौतुक करतात. ज्याला कुणी विचारत नाही असं काम जो दोन वर्षं मन लावून करतो, तो बायकोशी नीट वागेल." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "आता हा काही पुरावा नाही. कोर्टात टिकायचा नाही."

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. दोन वर्षांत त्या जहाजाबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं, आणि ही तर ते बघायलाही आली नव्हती.

शिरस्तेदार उठले. "पण घरी गेल्यावर ती मला विचारणार, हात लावून पाहिलंत का. न बघता सांगितलेलं तिला चालत नाही," असं म्हणत ते खिडकीपाशी गेले, आणि मी पुढे होण्याआधीच त्यांनी जहाजाच्या डाव्या बाजूवर अंगठा ठेवून दाबला. पुठ्ठा कुरकुरला. अंगठा काढला तेव्हा तिथे, तोफांच्या दोन रांगांच्या मधोमध, शेंगदाणा मावेल एवढा खळगा पडला होता. आमच्या लग्नाला त्यांनी संमती दिली ती अशी, सही न करता, अंगठा उठवून.

"कागदच आहे," ते समाधानाने म्हणाले.

आत्याने श्वास रोखून माझ्याकडे पाहिलं. एरवी त्या जहाजाजवळ कुणी शिंकलं तरी मी अंगावर जात असे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी नारळ खाली ठेवला, जहाज दोन्ही हातांनी उचलून फिरवलं आणि त्यांच्यापुढे धरून म्हटलं, "हवं तर ही बाजूही दाबून बघा."